रवीने घुसळलेली वाइन

पहिली बाटली आम्ही विकत घेतली नव्हती, हे आधी सांगते. नंतरच्या सगळ्या आम्हीच घेतल्या, हेही लगेच सांगते, म्हणजे कोणाला शोध लावायचे कष्ट नकोत.

आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये एक तरुण जोडपं भाड्याने राहायचं. दोघंही आयटीत. त्यांचं हैदराबादला जायचं ठरलं, तेव्हा नेता न येणाऱ्या वस्तू त्यांनी आमच्या दारात आणून ठेवल्या. दोन कुंड्या, एक बादली, डब्यात उरलेली तूरडाळ आणि न उघडलेली रेड वाइनची बाटली. बाटली देताना ती मुलगी जरा संकोचली.

"काकू, ही फार काही ग्रेट नाहीये. कोणीतरी गिफ्ट दिलेली. तुम्हाला चालत नसेल तर फेकून द्या, नो प्रॉब्लेम."

"चालते की नाही, ते अजून आम्हालाच कुठे माहितीये?" माझी नणंद म्हणाली आणि तिने बाटली हातात घेतली.

विश्रांतवाडीतल्या या फ्लॅटमध्ये आम्ही दोघीच राहतो. मी मराठी शाळेत शिक्षिका होते. नवरा गेला, मुलगी लग्न होऊन बंगळुरूला गेली आणि घर एकदम मोठं वाटायला लागलं. नणंद म्हणजे माझ्या नवऱ्याची धाकटी बहीण. ती सरकारी दवाखान्यात नर्स होती. तिचं लग्न जेमतेम दोन-अडीच वर्षं टिकलं होतं, त्यानंतरचं सगळं आयुष्य तिने दवाखान्याच्या क्वार्टरमध्ये काढलं. निवृत्त झाल्यावर क्वार्टर सोडावं लागलं, तेव्हा मीच म्हटलं, इकडे ये. नणंद-भावजय एका स्वयंपाकघरात टिकणार नाहीत अशी सगळ्या नातेवाइकांची खात्री होती. आम्ही भांडलो पुष्कळ. वेगळ्या मात्र झालो नाही.

तिला वाइनचं कुतूहल फार जुनं. दवाखान्यात मोठ्या डॉक्टरांच्या निरोपाच्या पार्ट्या व्हायच्या, तेव्हा डॉक्टरमंडळींच्या टेबलावर बाटल्या असायच्या आणि सिस्टर लोकांसाठी गुलाबाचं सरबत. कोणी बंदी घातली होती असं नाही. पण कोणी एकदाही विचारलं नाही, हे तिला लागलेलं होतं. "निदान विचारायचं तरी. मी नाही म्हटलं असतं, तो भाग वेगळा," असं ती म्हणायची.

त्या शनिवारी दुपारी जेवणं आटोपल्यावर तिने बाटली टेबलावर मांडली. शोकेसमध्ये माझ्या नवऱ्याला कोणीतरी भेट दिलेले काचेचे सहा ग्लास होते. इतक्या वर्षांत ते फक्त दिवाळीला पुसले जायचे. त्यातले दोन काढले. बाटलीला बूच नव्हतं, औषधाच्या बाटलीसारखं पिळून उघडायचं झाकण होतं. नणंदेने सफाईदारपणे ते उघडलं, ग्लास भरले आणि आम्ही दोघींनी एकदमच घोट घेतला.

दोघींनी ग्लास खाली ठेवले.

"वहिनी," ती म्हणाली, "जांभळं खाल्ल्यावर जीभ होते ना, तशी झाली. जांभूळ मात्र आलं नाही."

अगदी खरं होतं. आंबट, तुरट, आणि गिळल्यावर मागून काढ्यासारखा कडवटपणा. मी ग्लास उचलून बेसिनकडे निघाले. "ओतून टाकते. लोकांना काय आवडतं यात, देव जाणे."

"थांब." तिने माझं मनगट धरलं. "आयुष्यात पहिल्यांदा माझ्या वाट्याला वाइन आली आणि ती अशी निघाली. म्हणून मी सोडून देऊ? आमटी खारट झाली तर तू ओतून देतेस का?"

"नाही. बटाटा घालते."

"मग?"

तिथून सुरुवात झाली. बाटलीला झाकण लावून आम्ही ती फ्रिजमध्ये ठेवली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा बसलो. थंडगार झाल्यावर ती थोडी सुसह्य वाटली. चव सुधारली नव्हती, फक्त दबली होती. "थंडीने हिची बडबड कमी झाली," नणंद म्हणाली. संध्याकाळी मुलीचा फोन आला, तेव्हा मी तिला सगळं सांगून टाकलं. ती आधी खूप हसली, मग म्हणाली, "आई, रेड वाइन उघडल्या उघडल्या नाही प्यायची. थोडा वेळ हवा लागू दे. ब्रीद होऊ दे तिला."

फोन स्पीकरवर होता. नणंद उठली. "श्वास घेत नसेल तर आपणच दिला पाहिजे," असं म्हणत तिने पातेल्यात वाइन ओतली आणि ताक करायची रवी आणली. मला वाटलं थट्टा करतेय. पण तिने खरोखरच दोन्ही तळव्यांमध्ये रवी धरून घुसळायला सुरुवात केली. वर जांभळट फेस आला. आम्ही तो बसू दिला आणि चव घेतली. नाकात जाणारा उग्र दर्प निम्म्याने कमी झाला होता. मुलगी फोनवर "अगं, आत्या काय करतेय तिकडे?" असं ओरडत होती आणि आम्ही दोघी एकमेकींकडे बघत होतो. आपल्या हातात काहीतरी आहे, हे आम्हाला तेव्हा कळलं.

मग चिमूटभर सैंधव घालून पाहिलं. अगदी नखाएवढं. त्याने कडवटपणा उतरतो. संत्र्याच्या फोडी सालासकट घालून पाहिल्या, त्यांनी तुरटपणा झाकला जातो. सगळंच जमलं असं नाही. वेलची-जायफळ घातलं त्या दिवशी नासलेल्या श्रीखंडासारखा वास आला. गुलाबाचं सरबत मिसळलं तर केसांना लावायच्या तेलासारखं लागलं. तो ग्लास नणंदेने हट्टाने संपवला, कारण पार्टीतल्या सरबताचा तिला सूड घ्यायचा होता. थंडी पडायला लागली होती, म्हणून उरलेली वाइन दालचिनीचा तुकडा, दोन लवंगा आणि गुळाचा खडा घालून मंद आचेवर ठेवली. उकळू द्यायची नाही. वाफ दिसली की गॅस बंद. ही मात्र इतकी सुरेख झाली की आम्ही पेले हातात धरून गॅलरीत बसलो आणि पूर्ण दुपार तिथेच काढली.

अशी ती बाटली संपली.

दुसरी आणायला मी गेले. नणंदेचा गुडघा दुखत होता, शिवाय ती म्हणाली, "एकदा तू जाऊन बघ. मी काय, कुठेही जाते." आळंदी रस्त्यावर कोपऱ्यात वाइन शॉप आहे. मी रोज तिथून भाजीला जात होते, पण त्या बाजूला मान कधी वळवली नव्हती. त्या दिवशी खांद्यावर पिशवी, तिच्यात कोथिंबीर आणि दुधी भोपळा, अशी मी काउंटरपाशी उभी राहिले. पुढचे पुरुष आपोआप बाजूला झाले. एक जण तर "काकू, तुम्ही आधी घ्या" म्हणून मागे सरकला. आदर होता की लाज, कोण जाणे.

"केकसाठी का, मावशी?" दुकानदाराने विचारलं.

"नाही, प्यायला."

"साहेबांना कुठली लागते?"

"साहेब वारले. मलाच हवीये."

तो गडबडला. "सॉरी, मावशी. कुठली देऊ?"

"सगळ्यात स्वस्त."

त्याने बाटली काढली, पण हातातच धरून ठेवली. "खरं सांगू का, ही एवढी चांगली नाहीये."

"माहितीये मला. चांगली आम्ही करून घेतो."

त्याने बाटली वर्तमानपत्रात गुंडाळायला घेतली, मग काळी पिशवी काढली. मी म्हटलं, काही नको, तशीच द्या. चोरून न्यायला मी ती चोरलेली नव्हती. बाटली कोथिंबिरीशेजारी उभी राहिली आणि तिची मान पिशवीबाहेर डोकावत राहिली. दुकानातून बाहेर पडल्यावर मी खाली मान घालून भराभर चालत होते, हे कबूल करते. पण घराजवळ येईपर्यंत चाल नेहमीची झाली होती. लिफ्टमध्ये आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी भेटले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पिशवीकडे पाहिलं आणि उरलेला वेळ मजल्याचे आकडे वाचत उभे राहिले.

पुढच्या आठवड्यात सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्यांचा संदेश आला. "काही सुशिक्षित सदनिकाधारकांच्या कचऱ्यात मद्याच्या बाटल्या आढळून येत आहेत. आपण कुटुंबवत्सल लोकांच्या सोसायटीत राहतो याचे भान असावे."

इतकी वर्षं या इमारतीत शाळेतल्या बाई म्हणून मला मान होता. गणपतीत मुलांची नाटकं मी बसवायचे. मी म्हटलं, आपण गप्प बसू, आठवडाभरात विसरतील. नणंद तोवर चष्मा लावून टाइप करत होती. पाठवायच्या आधी तिने मला वाचून दाखवलं.

"त्या बाटल्या आमच्या आहेत. धुऊन वेगळ्या ठेवल्या होत्या. आपण इतरांचा कचरा इतक्या आपुलकीने पाहता, याबद्दल आभार. ओला-सुका वेगळा न करणाऱ्यांचीही नावे त्याच आपुलकीने कळवावीत."

"पाठवू?"

"खाली माझंही नाव टाक," मी म्हटलं.

तिघांनी अंगठे वर केले, त्यातल्या एकाने थोड्या वेळाने काढून घेतला. सेक्रेटरींनी संध्याकाळी पाण्याच्या टाकीच्या सफाईबद्दल लिहिलं. विषय तिथेच संपला.

खरा प्रसंग पुढे, नणंदेच्या साठीला आला. तिचा वाढदिवस हिवाळ्यात असतो. रविवार होता, म्हणून दुपारचं जेवण ठेवलं. तिच्या दोन नर्स मैत्रिणी, इमारतीतल्या दोघीतिघी, आणि माझे मोठे दीर आणि जाऊबाई. हे दीर म्हणजे दोघा भावंडांपेक्षा वयाने बरेच मोठे, सत्तरी ओलांडलेले. मांजरी गावात त्यांनी घर बांधलंय. सुपारीसुद्धा न खाणारे आणि तसं सांगणारे. आवाज कधी चढवत नाहीत. त्यांना चढवावा लागत नाही.

आदल्या दिवशी मी विचारलं, "उद्या वाइन नको ठेवायला का? भाऊजी येतायत."

"साठी माझी आहे, दादाची नाही," ती म्हणाली. "लपून प्यायची असती तर मी क्वार्टरमध्येच प्यायले असते."

मग मीच स्टीलचा मोठा जग काढला. दोन बाटल्या घुसळून ओतल्या, संत्री आणि सफरचंद चिरून घातलं, दालचिनी, थोडा गुळाचा पाक, आणि जग रात्रभर फ्रिजमध्ये ठेवला. दुसऱ्या जगमध्ये कोकम सरबत केलं. मसालेभात, मटारची उसळ, जिलबी, असा बेत होता. पाहुणे आले की नणंद प्रत्येकाला स्वच्छ सांगत होती, "या जगमध्ये वाइन आहे, त्या दुसऱ्यात कोकम आहे. ज्याला जे हवं ते घ्या." मैत्रिणींनी हसत वाइन घेतली. शेजारणींपैकी एकीने कोकम घेतलं, एकीने अर्धा ग्लास वाइन घेऊन चाखली आणि गूळ कमी पडलाय म्हणाली.

दीर-जाऊ आले. नणंद पाया पडली आणि तिने त्यांनाही तेच वाक्य जसंच्या तसं सांगितलं.

दीर चपला काढता काढता थांबले. "काय म्हणालीस?"

"यात वाइन, त्यात कोकम."

"या घरात दारू?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "माझ्या भावाच्या घरात? तुम्ही तरी थांबवायचं हिला."

आधीची मी असते तर स्वयंपाकघरात निघून गेले असते. पण लिफ्ट, दुकान, ग्रुप, एवढं सगळं होऊन गेलं होतं. "मी का थांबवू, भाऊजी?" मी म्हटलं. "जग मीच भरलाय. आणि घर माझंही आहे."

ते बहिणीकडे वळले. "बाबांचं विसरलीस?"

माझे सासरे दारू प्यायचे. मी लग्न होऊन आले तेव्हा ते हयात नव्हते. घरात कोणी त्याबद्दल सरळ बोलायचं नाही, तुकड्या-तुकड्याने कानावर आलं होतं तेवढंच. नणंदेने हातातला ग्लास खाली ठेवला. तिचा आवाज शांत होता, दवाखान्यात रुग्णाच्या नातेवाइकांशी बोलताना असायचा तसा.

"विसरले नाही, दादा. बाबा प्यायचे तेव्हा तू शिकायला बाहेरगावी होतास. दार मी उघडायचे. आईच्या कपाळाला हळद मी दाबायचे. ते प्यायचे आणि मी भ्यायचे. पुढे तू माझं लग्न ठरवलंस तेव्हा काय पाहिलंस? मुलगा निर्व्यसनी आहे. होता की निर्व्यसनी. तुझ्यासारखाच, सुपारीला शिवत नव्हता. पूर्ण शुद्धीवर असताना मारायचा."

तो मारायचा, हे मलासुद्धा माहीत नव्हतं. पटलं नाही, जमलं नाही, एवढंच आम्हाला सांगण्यात आलं होतं, आणि आम्ही तेवढ्यावर समाधान मानलं होतं.

"आज मी साठ वर्षांची झाले," ती म्हणाली. "दुपारी, सगळ्यांसमोर, संत्र्याच्या फोडी घालून एक ग्लास पितेय. या खोलीत कोणाला माझी भीती वाटतेय का, विचार. एकाने जरी हो म्हटलं, तर आत्ता जग मोरीत ओतते."

दिरांनी कोणाला काही विचारलं नाही. त्यांनी पुन्हा चपला घातल्या आणि बायकोला म्हणाले, "चल."

जाऊबाई तोवर ताट घेऊन खुर्चीवर बसल्या होत्या. त्या नवऱ्याच्या शब्दाबाहेर गेलेल्या मी कधी पाहिल्या नव्हत्या. त्यांनी ताटाकडे पाहिलं, मग दाराकडे. "माझं जेवण व्हायचंय," त्या म्हणाल्या. "तुम्ही गाडीत बसा. मी आलेच."

आणि त्या जेवल्या. घाईने नाही, भात दुसऱ्यांदा मागून घेतला. सोबत कोकम प्यायल्या. दीर खाली गाडीत बसून होते. त्या निघाल्या तेव्हा मी मसालेभाताचा डबा भरून दिला, तो त्यांनी घेतला. नणंदेच्या गालावरून हात फिरवला. त्या गेल्यावर नणंद म्हणाली, "जिलबी गार होतेय, घ्या सगळ्यांनी," आणि आम्ही घेतली. तिच्या मैत्रिणीने जुन्या वॉर्डमधला एक किस्सा काढला. हळूहळू सगळ्या हसायला लागल्या. नणंदही हसली, पण तिचा ग्लास बराच वेळ तसाच भरलेला राहिला. मग तिने तो उचलला आणि सावकाश संपवला.

दिरांचे फोन येणं बंद झालं. संक्रांत गेली, पाडवा गेला. नातेवाइकांमध्ये काय काय बोललं गेलं ते आमच्यापर्यंत पोचत होतं. दोघी बायका एकट्या राहतात आणि पितात, एवढंच त्यांचं सार. माझ्या मुलीला एका मावशीने फोन करून आईला समजाव म्हणून सांगितलं. मुलीने तिला विचारलं, "काय समजावू? सोडा किती घालायचा ते?" मला तिचा फार अभिमान वाटला.

मे महिन्यातल्या एका दुपारी दारावरची बेल वाजली. दीर एकटेच उभे होते. आम्ही जेवून बसलो होतो. उन्हाळ्यात आम्ही निम्मी वाइन, निम्मा सोडा, लिंबाची चकती आणि भरपूर बर्फ असं घेतो. दोन्ही ग्लास टेबलावर होते. माझा हात सवयीने ते उचलायला गेला, पण नणंदेने माझ्याकडे पाहिलं आणि मी हात मागे घेतला.

ते बसले. मी पाणी दिलं. त्यांनी पेला रिकामा करून खाली ठेवला. मग बहिणीला म्हणाले, "तू मला तेव्हा का नाही सांगितलंस?"

"सांगितलं होतं," ती म्हणाली. "दिवाळीला माहेरी आले होते तेव्हा. तू म्हणालास, निर्व्यसनी माणूस आहे, रागीट असेल थोडा, जुळवून घे."

त्यांनी आठवायचा प्रयत्न केला की ते त्यांना लगेच आठवलं, मला सांगता येणार नाही. चेहरा मात्र उतरला. "मी असं म्हणालो?"

"हो."

त्यांनी चष्मा काढून पुसला. नंतर एकदम म्हाताऱ्या माणसासारखे खुर्चीत मागे टेकले. माफी वगैरे शब्द त्यांनी उच्चारला नाही, आणि नणंदेने त्याची वाट पाहिली असंही वाटलं नाही. तिने चहा टाकू का विचारलं. ते हो म्हणाले. चहा होईपर्यंत ती आपल्या ग्लासातली वाइन घोटाघोटाने पीत राहिली, त्यांच्या समोर. मी आत चहा करत होते, तिथून बघत होते.

जाताना ते दारात थांबले. "हे मला पटत नाही. पटणारही नाही," टेबलाकडे हात करून ते म्हणाले.

"नको पटू दे," नणंद म्हणाली. "पुढच्या महिन्यात वहिनीला घेऊन ये. आंब्याचं सांदण करू."

आता ते महिन्यातून एकदा येतात. दर वेळी दारूवर एखादं वाक्य बोलतात, आम्ही ते ऐकून घेतो आणि पुढचं वाढतो. जाऊबाई अजूनही कोकमच पितात, पण परवा जगमध्ये घालायला घरच्या झाडाचे गुलाबी पेरू घेऊन आल्या. सध्या आमच्याकडे आहे ती पांढरी वाइन भलतीच आंबट आहे. बहुतेक आजवरची सगळ्यात वाईट. नणंदेने पेरू चिरून तिच्यात घातलेत आणि वरून पुदिना. दुपारी चाखून बघू. बिघडलीच तर उद्या दुसरं काहीतरी घालू.